साम्राज्ये गेली, त्यांच्या सवयी राहिल्या

बेळगावच्या खडेबाजारात दुकानाची पाटी रंगवणे हे आता केवळ रंगाऱ्याचे काम राहिलेले नाही. कर्नाटकाने २०२४ मध्ये आपल्या भाषाविषयक कायद्यात दुरुस्ती केली आणि व्यावसायिक पाट्यांवरील किमान ६० टक्के जागा कन्नडला देणे बंधनकारक केले. त्याआधी २०२२ मध्ये महाराष्ट्राने सर्व दुकानांवर मराठी पाट्या सक्तीच्या केल्या होत्या आणि मराठी अक्षरे अन्य लिपीपेक्षा लहान असू नयेत, असेही बजावले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगाव परिसरात भाषेच्या वादातून एका बसवाहकाला मारहाण झाली आणि दोन राज्यांमधील बसवाहतूक काही काळ विस्कळीत झाली. लग्नाच्या खरेदीसाठी चोर्ला घाट चढून येणाऱ्या गोमंतकीय कुटुंबांना मात्र या बाजारात वेगळेच दृश्य दिसते. तेथील दुकानदार गिऱ्हाइकाची भाषा ओळखून मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू वा हिंदीत भाव सांगतो. बाजाराला पाच भाषा चालतात, मग सरकारला एकच का लागते, हा प्रश्न सीमाभागात जुना आहे. त्याचे उत्तर शोधताना या भूमीवर राज्य करून गेलेल्या साम्राज्यांकडे पाहणे उपयोगी ठरते.

एवढ्या लहानशा टापूवर एवढ्या सत्तांनी राज्य केल्याची उदाहरणे फार नाहीत. खानापूर तालुक्यातील हलशी हे गोव्याच्या कदंबांच्या सत्तेचे मोठे केंद्र होते. तेराव्या शतकाच्या आरंभी रट्टांनी वेणुग्राम, म्हणजे आजचे बेळगाव, आपली राजधानी केली. पुढे देवगिरीचे यादव आणि विजयनगर यांचा अंमल आला. १४७२-७३ च्या सुमारास बहमनी वजीर महमूद गवान याच्या मोहिमेत गोवा आणि बेळगाव पाठोपाठ पडले. त्यानंतर आदिलशाही, १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर मोगल, मग मराठे आणि एप्रिल १८१८ मध्ये जनरल मन्रो याने किल्ला घेतल्यावर ईस्ट इंडिया कंपनी, असा हा क्रम आहे. किल्ल्यात रट्टकालीन कमल बस्ती आणि आदिलशाही सरदार असदखान याच्या नावाशी जोडलेली सफा मशीद आजही आहेत. गावाचे नावही सत्तेबरोबर बदलत गेले. वेणुग्रामाचे बेळगाव झाले, मोगलांनी त्याला आझमनगर म्हटले आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी ते बेळगावी आहे.

या सत्तांचे धर्म, भाषा आणि राजधान्या भिन्न होत्या. तरीही त्यांच्या कारभारात काही लक्षणे पुन्हा पुन्हा आढळतात आणि तीच लक्षणे रोमन, ऑटोमन वा ऑस्ट्रियन साम्राज्यांतही सापडतात.

पहिले लक्षण म्हणजे मध्यस्थांकरवी राज्य. दूरच्या राजधानीला प्रत्येक गावात आपला माणूस बसवणे परवडत नाही. म्हणून स्थानिक प्रतिष्ठिताला मान, इनाम आणि वसुलीचा वाटा देऊन त्याच्याकडून महसूल व शांतता विकत घ्यावी लागते. रोमने यहुदी प्रदेशात हेरोद राजा ठेवला, मोगलांनी रजपुतांना मनसबी दिल्या. दख्खनमध्ये देसाई, देशपांडे, पाटील आणि कुलकर्णी हे वतनदार वरची सत्ता बदलली तरी बहुधा आपल्या जागी राहिले. जिंकलेल्या प्रदेशाची माहिती नव्या सत्ताधीशापेक्षा त्यांनाच अधिक असे, हेच त्यांचे बळ होते. पोर्तुगिजांनीही हेच केले. १५२६ मध्ये त्यांनी गोव्यातील गावकरीचे रीतिरिवाज सनदेत लिहून काढले. त्यामागे ग्रामसंस्थेविषयीच्या आदरापेक्षा महसुलाची निश्चिती अधिक होती.

हा सौदा मोडला की काय होते, हे बेळगाव जिल्ह्याने दोनदा पाहिले. कित्तूरच्या देसायांनी १८१८ मध्ये कंपनीला मदत केली होती आणि त्याबद्दल त्यांचे संस्थान राखले गेले होते. सहाच वर्षांनी देसाई निपुत्रिक वारले, तेव्हा धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने दत्तकविधान अमान्य केले. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी राणी चन्नम्मांच्या सैन्याशी झालेल्या लढाईत थॅकरे ठार झाला, डिसेंबरात कित्तूर पडले आणि १८२९ मध्ये बैलहोंगलच्या कैदेत राणीचा अंत झाला. तिचा लढा पुढे नेणाऱ्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये नंदगड येथे फाशी देण्यात आले. निपाणीची कथा याहून कमी परिचित आहे. सिधोजीराव निंबाळकर ऊर्फ आप्पा देसाई निपाणकर हे पेशवाईतील बलाढ्य सरदार. १८१८ नंतर कंपनीशी जुळवून घेऊन त्यांनी जहागीर टिकवली. १८३९ मध्ये ते वारल्यावर उत्तराधिकाराचा दावा नाकारला गेला, जहागीर कंपनीकडे गेली आणि १८४१ मध्ये निपाणीत बंड झाले. सत्तरीचे राणे आणि पोर्तुगीज सरकार यांच्यातील संघर्षही याच जातीचा होता. १८५२ चे दीपाजी राण्यांचे बंड आपले जुने हक्क आणि रिवाज मोडले जात आहेत, या जाणिवेतूनच पेटले.

दुसरे लक्षण म्हणजे एकाच छत्राखाली वेगवेगळे कायदे. इतिहासकार जेन बर्बँक आणि फ्रेडरिक कूपर यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या साम्राज्यांच्या जागतिक इतिहासात या मुद्द्यावर भर दिला आहे. त्यांच्या मते राष्ट्र-राज्य आपल्या प्रजेला एकसारखे करू पाहते, तर साम्राज्य तिच्यातील भेद मान्य करून त्या भेदांच्या आधारेच राज्य करते. गोमंतकीय वाचकाला हे सिद्धान्तातून समजावून देण्याची गरज नाही. जुन्या काबिजादीतील तिसवाडी, बारदेश व सासष्टी आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जोडल्या गेलेल्या नव्या काबिजादीतील डिचोली, सत्तरी, पेडणे यांना पोर्तुगिजांनी एकाच मापाने मोजले नाही. जुन्या भागात देवळे पाडली गेली. नव्या भागात धर्म आणि रिवाज पाळण्याची मुभा राहिली. जिंकण्याचा काळ वेगळा, म्हणून अटीही वेगळ्या. गोव्याच्या समाजजीवनात या दोन भागांतील अंतर अद्याप ओळखू येते.

बेळगावात हे अंतर एकाच शहराच्या आत होते. बेळगाव हा ब्रिटिश मुलूख, जिल्ह्याचे ठाणे आणि लष्करी छावणी. त्याला लागून असलेले शहापूर मात्र सांगली संस्थानच्या पटवर्धनांचे. बेळगावात एक खडेबाजार आहे आणि शहापुरातही खडेबाजार आहे. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन होईपर्यंत या दोन बाजारांवर दोन सरकारांचा अंमल होता. नकाशावरील ही रेषा भाषेने, नदीने वा डोंगराने आखलेली नव्हती. कोणता सरदार कोणत्या साली कंपनीला कोणत्या अटींवर शरण आला, एवढाच तिचा आधार होता. साम्राज्याच्या अंतर्गत सीमा म्हणजे बहुधा अशा तारखांची गोळाबेरीज असते.

कन्नड आणि मराठी या दोन्ही समाजांची गाऱ्हाणी याच गोळाबेरजेतून जन्मली. ब्रिटिश काळात कन्नड भाषक मुंबई व मद्रास इलाखे, म्हैसूर व हैदराबाद संस्थाने आणि कोडगू यांत विभागले गेले होते. मराठी भाषक मुंबई इलाखा, मध्य प्रांत, वऱ्हाड, हैदराबाद आणि अनेक लहानमोठ्या संस्थानांत विखुरलेले होते. म्हणूनच या दोन्ही समाजांच्या एकीकरणाच्या चळवळींत बेळगावचे स्थान आहे, ही गोष्ट योगायोगाची म्हणता येत नाही. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. त्याच वेळी येथे कर्नाटक एकीकरणाची परिषदही झाली. मे १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन याच गावी भरले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला तेथून संघटित रूप आले. एकाच साम्राज्याने केलेल्या विभागणीवरचा हा दुहेरी रोष होता. पुढे तो एकमेकांवर उलटला.

तिसरे लक्षण भाषेचे आहे आणि आजच्या वादाशी त्याचा सर्वांत जवळचा संबंध आहे. साम्राज्याला दरबाराची भाषा लागते. प्रजेने घरी काय बोलावे याच्याशी त्याला सहसा कर्तव्य नसते. रोमन साम्राज्याच्या पश्चिम भागात लॅटिन चालली, तर पूर्वेकडे ग्रीक. आदिलशाहीत दरबारी भाषा फारसी असली, तरी पहिल्या इब्राहिमच्या काळात महसुली दफ्तरातून फारसीला बाजूला सारून स्थानिक लेखनाला आणि ब्राह्मण कारकुनांना स्थान मिळाल्याचे फेरिश्ता नोंदवतो. यावरून ही साम्राज्ये उदार होती, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ती उदासीन होती. लोकांच्या भाषेला हात न लावणे स्वस्त पडत होते, म्हणून हात लावला जात नव्हता. जेथे धर्मप्रसार किंवा नियंत्रण यांसाठी भाषा आड आली, तेथे ही उदासीनता टिकली नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करण्याचा हुकूम काढला होता. कोकणी त्या हुकमाला पुरून उरली. परंतु हुकूम निघाला होता, हे विसरता येत नाही.

दरबाराच्या भाषेचा भार कोणावर पडतो, हा प्रश्नही येथे टाळता येत नाही. पेशवाईत आणि कंपनी सरकारच्या सुरुवातीच्या दशकांत धारवाड-बेळगाव भागातील कचेऱ्यांत मराठीचे वर्चस्व होते. कन्नड बोलणाऱ्या रयतेचे कागद मराठीत लिहिले जात आणि शाळाही बऱ्याच काळ मराठीच्या होत्या. डेप्युटी चन्नबसप्पांसारख्या शिक्षणाधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात या भागात कन्नड शाळांसाठी कष्ट घेतले, ते याच पार्श्वभूमीवर. सीमाप्रश्नावरील मराठी लेखनात या इतिहासाला फारशी जागा मिळत नाही. कन्नड समाजाच्या स्मृतीत मात्र तो ठळक आहे. न समजणाऱ्या भाषेतील सातबारा हाती पडल्यावर शेतकऱ्याला जे असहाय्यपण येते, ते दीडशे वर्षांपूर्वी कन्नड शेतकऱ्याने अनुभवले आणि आज सीमाभागातील मराठी शेतकरी अनुभवतो. त्यात भाषा बदलली आहे, परिस्थिती नाही.

चौथे लक्षण सत्तेच्या दर्शनाचे. साम्राज्य आपल्या टोकाच्या प्रदेशात किल्ला, छावणी, विजयस्तंभ किंवा नवे नाव यांतून आपण येथे आहोत हे सांगत राहते. राजधानीत ज्याची गरज भासत नाही, ते सीमेवर ठळकपणे उभारावे लागते. लोकशाही राज्ये आणि साम्राज्ये यांना एका तराजूत तोलणे अन्यायाचे होईल. बेळगावच्या लोकप्रतिनिधींना मत मागावे लागते, असदखानाला ते लागत नव्हते. तरीही ११ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन झालेला सुवर्ण विधानसौध आणि तेथे भरणारे हिवाळी अधिवेशन यांत उत्तर कर्नाटकाच्या विकासाबरोबरच ताब्याची घोषणाही आहे, हे नाकारता येणार नाही. महाराष्ट्राच्या मंत्र्यांचे दौरे जाहीर होणे व रद्द होणे आणि विधिमंडळांनी परस्परविरोधी ठराव करणे, हेही त्याच भाषेतील प्रत्युत्तर होते. डिसेंबर २०२२ मध्ये एकाच आठवड्याच्या अंतराने दोन्ही विधिमंडळांनी असे ठराव केले. महाराष्ट्राच्या ठरावात ८६५ गावांचा उल्लेख होता. या गावांतील किती मुलांना मातृभाषेतून शिकवणारा शिक्षक मिळतो, हा आकडा दोन्ही ठरावांच्या चर्चेत मध्यवर्ती नव्हता.

साम्राज्ये कोसळतात तेव्हा काय होते, याचे बोलके उदाहरण मध्य युरोपात आहे. १८९७ मध्ये ऑस्ट्रियाचे पंतप्रधान बादेनी यांनी बोहेमियातील सरकारी कचेऱ्यांत जर्मन आणि चेक या दोन्ही भाषांना समान स्थान देणारे फर्मान काढले. अधिकाऱ्यांना दोन्ही भाषा याव्यात, एवढीच त्यातील मुख्य अपेक्षा होती. बहुतेक चेक सुशिक्षितांना जर्मन येत होती. जर्मन अधिकाऱ्यांना चेक येत नव्हती. रस्त्यावर दंगे झाले, संसद ठप्प झाली आणि वर्ष संपण्याआधी बादेनी यांना पद सोडावे लागले. १९१८ मध्ये साम्राज्य मोडले आणि भाषेच्या नावाने राष्ट्रे उभी राहिली. त्या प्रत्येक राष्ट्रात दुसरी भाषा बोलणारे लाखो लोक उरलेच. काल ज्यांची भाषा दुय्यम होती, त्यांची भाषा आज राजभाषा झाली आणि त्यांनी शेजाऱ्याला तीच वागणूक दिली, जी त्यांना मिळाली होती. त्या कटुतेचा गैरफायदा पुढच्या दोन दशकांत कोणी घेतला, हा इतिहास सर्वज्ञात आहे.

भारताने १९५६ मध्ये भाषावार राज्यरचना केली, ती युरोपपेक्षा कितीतरी शांततेने. लोकांचा कारभार लोकांच्या भाषेत चालावा हे तिचे तत्त्व योग्यच होते. मात्र बेळगाव जिल्ह्यातील चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला आणि उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने पुढील वर्षी अहवाल दिला. निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे म्हैसूरला द्यावीत, बेळगाव मात्र म्हैसूरमध्येच राहावे, असे त्याने सुचवले. महाराष्ट्राने तो फेटाळला आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तेव्हापासून एक पिढी शाळेत जाऊन नोकरीला लागली. प्रश्न जेथल्या तेथे आहे. १ नोव्हेंबरला एकाच शहरात एक समाज राज्योत्सव साजरा करतो आणि दुसरा काळा दिन पाळतो.

सीमेची रेषा कोठे असावी, याचा निर्णय न्यायालय देईल. तो कसाही लागला तरी कोणत्या ना कोणत्या बाजूला अल्पसंख्य भाषक राहणारच. महाराष्ट्रातील अक्कलकोट, जत आणि दक्षिण सोलापूर या भागांत कन्नड बोलणारी गावे आहेत. २०२२ मध्ये जत तालुक्यातील काही गावांनी कर्नाटकात जाण्याची भाषा केली, तेव्हा त्यांचे मुख्य गाऱ्हाणे भाषेचे नव्हते, पाण्याचे होते. सीमेवरच्या माणसाला राज्य कोणते याहून आपला अर्ज कोण वाचतो आणि नळाला पाणी कोण आणतो, याची अधिक चिंता असते, हे त्या गावांनी दाखवून दिले.

या चिंतेवरचा उपाय नव्याने शोधण्याची गरज नाही. राज्यघटनेचे कलम ३५०-अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास राज्यांना सांगते. कलम ३५०-ब भाषिक अल्पसंख्याकांसाठी स्वतंत्र अधिकारी नेमते. त्याचे एक विभागीय कार्यालय बेळगावातच उघडण्यात आले होते. एखाद्या जिल्ह्यात वा तालुक्यात १५ टक्क्यांहून अधिक लोक एखादी भाषा बोलत असतील, तर महत्त्वाच्या शासकीय सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व मुख्यमंत्र्यांच्या संमतीने अनेक दशकांपूर्वी ठरलेले आहे. बेळगाव जिल्ह्यातील मराठी भाषकांचे प्रमाण २०११ च्या जनगणनेनुसार या मर्यादेच्या वर आहे. म्हणजे मराठीत परिपत्रक किंवा जमिनीचा उतारा मागणे हा कर्नाटकाच्या सार्वभौमत्वावरील हल्ला ठरत नाही. तो सर्व राज्यांनी मान्य केलेल्या तत्त्वाचा भाग आहे. हाच न्याय जतच्या कन्नड शाळेलाही लागू होतो आणि महाराष्ट्राने तो आधी पाळला, तर बेळगावसाठी मागताना त्याचा आवाज अधिक वजनदार होईल.

गोव्याने या बाबतीत एक मार्ग चोखाळलेला आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीच्या शासकीय वापरालाही वाट ठेवली. या तडजोडीवर दोन्ही बाजू आजही पूर्ण समाधानी नाहीत आणि रोमी लिपीचा प्रश्न अजून धगधगतो. तरीही एका भाषेचा सन्मान करण्यासाठी दुसरीला कचेरीबाहेर काढावेच लागते असे नाही, हे एवढ्याशा राज्याने दाखवले आहे.

साम्राज्यांना प्रजेकडून महसूल आणि आज्ञापालन हवे होते; प्रजेची ओळख त्यांनी फारशी मागितली नाही. लोकशाही राज्याने प्रजेला नागरिक केले, मतपेटी दिली आणि त्याबरोबर तिची ओळखही मागितली. नागरिकत्वाचा तो लाभ ठेवून ओळखीची सक्ती सैल करणे, हे सीमाभागातील खरे काम आहे. त्यासाठी न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. तहसील कचेरीत दोन भाषांतला एक अर्ज ठेवण्यापासून त्याची सुरुवात करता येते. तो अर्ज बेळगावात मराठीत मिळाला आणि अक्कलकोटात कन्नडमध्ये, तर सीमेवरच्या माणसाला आपले राज्य कोणते हे प्रथमच पाटीवरून न कळता अनुभवावरून कळेल.